रकाना अकरावा

शब्दसूचीतला अकरावा शब्द
तीन दिवस अडून बसला आहे.
हिंदीवाल्यांनी केव्हाच 'टिकाऊ' लिहून टाकलं
आणि पोहे खायला गेले.
टिकाऊ म्हणजे चपलेचा अंगठा, रेग्झिनची बॅग,
सियागंजातली बादली.
मराठीच्या रकान्यात पुण्याहून आलेला 'शाश्वत',
इस्त्रीचा, उपरणं घेतलेला.
मी त्याला विचारते, बाबा रे,
आत्मा सोडून तू कधी कशाला लागलास?
विकासाला कसा लागशील?

दुपारी सॅक्सनीच्या बाई बोलल्या.
त्यांचा शब्द जंगलातून आला, खरं तर खाणीतून.
चांदी वितळवायला लाकूड कमी पडलं
तेव्हा कुणीतरी हिशेब मांडला,
जेवढं वाढतं तेवढंच तोडा.
तीनशे वर्षं झाली, शब्दाला राळेचा वास आहे.
मोरिकावा नावाचे गृहस्थ हळूच हसले.
आमच्याकडे शहराचा मैला विकला जायचा,
हवेल्यांचा महाग, खोपट्यांचा स्वस्त,
भाताला दोन्ही सारखेच.
हे सगळं मी मराठीत सांगत होते
नाशिकहून आलेल्या चौघांना.
त्यातले दोघे झोपले होते.

मग ढीग दाखवायला नेलं,
कृषी महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला.
शंभर वर्षांपूर्वी याच काळ्या मातीत
एका साहेबानं इथल्या माणसांचं पाहून,
आणखी कुठकुठलं वाचून,
वहीत उतरवलं: काडी, शेण, राख, गोठ्यातली ओली माती,
पहिली पलटी कधी, दुसरी कधी.
खताला आमच्या शहराचं नाव लागलं.
परदेशच्या पुस्तकांत इंदूर म्हणजे खत!
मला हे एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.
तोवर मी शेवेवरच मान ताठ ठेवून होते.

शुभदा तारे बाईंनी तापमापक खुपसला.
बावन्न.
गेंदालालनं बाही सारली,
हात कोपरापर्यंत आत,
डोळे मिटलेले,
जसं तापल्या लेकराच्या पोटावर कुणी हात ठेवतं.
'अबी नी. परसूँ.'
तक्ता म्हणत होता, उद्या.
बाईंनी तक्त्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं,
आणि 'परवा' लिहिलं.
(गेल्या साली त्याचा हात चुकला होता,
हेही जाताना हळूच सांगितलं मला.)

मीही हात घातला. कुणी सांगितलं नव्हतं.
आत कुणीतरी राहत असावं इतकं ऊन होतं.
शाश्वत तिथे काहीच नव्हतं,
जो तो दुसरं काही व्हायच्या घाईत.
टिकाऊ मात्र एक सापडलं:
प्लास्टिकचा चमचा, जसाच्या तसा.
गेंदालालनं तो झटकून खिशात टाकला.

परतीच्या बसमध्ये, पलासियाच्या सिग्नलला,
एकदम रामबागेतले भालूकाका आठवले,
गणपतीच्या पंगतीत
ऐनवेळी चाळीस पानं वाढली की
पातेल्यात डोकावून म्हणायचे,
घाबरू नका, पुरून उरेल.

पुरून.
मातीत पुरणं ते हेच
आणि सगळ्यांना पुरणं तेही हेच.
एका क्रियापदाच्या पोटात
खड्डा आणि पंगत शेजारी शेजारी,
आणि आम्ही तीन दिवस कोश उघडून बसलेलो.
कुणाच्या तोंडी हे आधी जुळलं असेल?
की जुळलंच नाही कधी,
दोन वेगळे शब्द एका आवाजात येऊन राहिले,
भाडेकरूंसारखे?

समिती म्हणाली, छान आहे,
पण रकान्यात नाम लागतं.
सूची छापायला गेली. अकराव्या ओळीत शाश्वत.
भांडायला माझ्याकडे नियम नव्हता,
नुसता एक पातेलं होतं.

घरी हात तीनदा धुतले.
वास गेला नाही,
थोडा गोठ्याचा, थोडा जायफळाचा.
त्याच हातांनी कणीक भिजवली
आणि अंदाज चुकला.
नवरा डब्यात डोकावून म्हणाला,
एवढ्या पोळ्या?
कोण येणार आहे?